पहिलं पाणी कुठं टाकायचं

ब्लाउज शिवायला आलेल्या एका पोरीचे हात पाहिले आणि मी हे लिहायला बसले. माप घ्यायला मी तिला हात वर कर म्हटलं, तर बोटांच्या मधली चामडी पांढरी पडून फाटलेली. गळ्यात माझ्यासारखाच क्रूस. मी विचारलं, "धुण्याभांड्याची कामं करतेस का गं?" ती म्हणाली, "नाही काकू." माप दिलं. दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाले झालं होतं, तेच मले झालं का?"

घ्या! म्हणजे माझं येडेपण गावभर ठाऊक आहे. गोंदियात काही लपत नाही म्हणतात ते खोटं नाही.

तर पोरी, हे तुझ्यासाठी. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं मला विचारू नकोस, ती ज्याचं काम त्याला विचार. माझं काय झालं तेवढं मला सांगता येतं. आणि आज मी बरी आहे, चहात बिस्कीट बुडवून खाते, चुरा खाली पडला तरी वाकून बघत नाही, हेही सांगता येतं. एका काळी मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाच्या पाया पडले असते.

धुणं

मी मूळची नगरकडची. वडील रेल्वेत, बदली होऊन गोंदियाला आले आणि इथलेच झाले. माझं लग्नही इथंच लागलं. नवरा जोसेफ नवेगाव बांधकडच्या खेड्यातला, राइस मिलमध्ये फिटर. घर मुर्रीला. एकच मुलगी, रीना.

आमचं चर्च लहान. थोडी केरळची कुटुंबं, थोडी छत्तीसगडकडची, रेल्वेवाले आणि मूठभर आम्ही मराठी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, हिंदीत होते. मी शिवणकाम करते म्हणून चर्चची शिलाई आपोआप माझ्या गळ्यात आली. वेदीवरच्या चादरी, पोरींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक. मग कॉन्व्हेंटच्या सिस्टर ग्रेसी एक दिवस म्हणाल्या, "सुनंदा, अब धुलाई भी तू ही संभाल ले."

ही धुलाई साधी नसते. मिस्सामध्ये फादर ज्या छोट्या रुमालाने द्राक्षारसाचा पेला पुसतात, त्याला पवित्र रोटीचा कण लागलेला असू शकतो. आमच्या श्रद्धेत ती रोटी आणि तो द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. म्हणून त्या रुमालाचं पहिलं पाणी नालीत ओतायचं नाही. झाडाच्या मुळाशी, स्वच्छ जागी ओतायचं. दुसऱ्या पाण्यापासून मग नेहमीसारखं धुणं. सिस्टरांनी शिकवलं, मी शिकले. रीत चांगली आहे. रीतीचा काही दोष नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सिस्टर मला सोडणार नाहीत.

घोळ झाला तो माझ्या डोक्यात. दोन हजार सात-आठची गोष्ट. एका रविवारी कम्युनियन, म्हणजे ती पवित्र रोटी, हातात घेतलं, तोंडात टाकलं, जागेवर येऊन बसले आणि तळहाताकडे पाहिलं. पांढरं काहीतरी दिसलं. जिभेने उचललं. संपलं ना? नाही संपलं. घरी येता येता वाटायला लागलं, आणखी एखादा असेल तर? डोळ्यांना न दिसणारा? घरी आले, वाटीत पाणी घेतलं, त्यात हात धुतला आणि ते पाणी अंगणातल्या पेरूच्या मुळाशी ओतलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

तिथंच मी फसले. हलकं वाटलं म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा केलं. मग हात धुवायच्या आधी तो पदराला लागला होता, म्हणून पदर बुडवला. फाटकाच्या कडीला लागला होता, म्हणून कडी पुसली आणि ते फडकं बुडवलं. मग पेरूखालची ती जागाच पवित्र झाली, तिथं चप्पल घेऊन कसं जायचं? मी विटा लावल्या. पावसात पाणी विटांच्या बाहेर वाहिलं, म्हणून विटा बाहेर सरकवल्या. कपड्यांची दोरी हलली, जोसेफची सायकल रस्त्यावर गेली, रीनाचं लंगडी खेळणं बंद झालं. अर्धं अंगण गेलं हो माझ्या हातांच्या पाण्यात!

शेजारच्या मायाबाई विहारात जाणाऱ्या. त्यांना आमच्या चर्चमधलं काही कळत नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नाही. त्यांच्या कोंबड्या पेरूखाली उकरायला यायच्या आणि मी मशीन सोडून काठी घेऊन धावायची. एकदा त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "काऊन वं सुनंदा, माह्या कोंबड्यायनं तुहं काय घोडं मारलं?"

काय सांगणार होते मी त्यांना? "तिथं देव सांडला आहे" असं?

सगळ्यांना मी संत वाटत होते

आमच्या आजाराची ही गंमत बघ पोरी. दुसऱ्या बाईने हात धूत दिवस काढला तर लोक तिला दवाखान्यात नेतील. मी चर्चमध्ये गुडघे सोलेपर्यंत बसले तर सिस्टर बायकांना म्हणायच्या, "भक्ति देखनी है तो सुनंदा की देखो."

माझी भक्ती काय होती ते आता सांगते. मी एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होते, कारण ती पुरी होत नव्हती. मध्येच डोक्यात शिवी यायची. क्रूसाकडे पाहिलं की शिवी. मरियामातेकडे पाहिलं की त्याहून घाण काहीतरी. मी दातओठ खाऊन पहिल्यापासून सुरू करायची. वाटायचं, ज्या बाईच्या मनात असले शब्द येतात ती माणसातली नाहीच. हे मी कुणाला, अगदी नवऱ्यालाही, सांगू शकत नव्हते.

कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली देताना, फादरांना सांगायची, तेही शब्द चोरून. "मन में बुरे विचार आए." मग बाहेर पडून वाटायचं, नीट नाही सांगितलं. काही राहिलं. राहिलं असेल तर मिळालेली क्षमा फुकट, आणि त्यावर कम्युनियन घेतलं तर आणखी मोठं पाप. परत आत. आमचे फादर तरुण, स्वभावाने मऊ. प्रत्येक वेळी म्हणायचे, "क्षमा मिल गई है, शांति से जाइए." ती शांती दारापर्यंत टिकायची. कधी कधी तर चपला घालेपर्यंतही नाही.

शेवटी मी कम्युनियन घेणंच सोडलं. सगळे रांगेत जायचे आणि मी बाकावर बसून राहायची. आता लहान चर्चमध्ये हे कोणाच्या नजरेतून सुटतं का? कालपर्यंतची संत बाई आज कम्युनियनला का जात नाही? कुजबुज सुरू झाली. ती फिरत फिरत जोसेफच्या कानावर गेली. एक दिवस जेवता जेवता त्याने ताट बाजूला सारलं.

"मले फक्त खरं सांग," तो म्हणाला. "कोणी हाय का?"

मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. तो पाठीवर हात फिरवत होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "मग काऊन करून राहिली तू असं?"  तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

रीनाची मूठ

त्या वर्षी रीनाच्या पहिल्या कम्युनियनची तयारी सुरू होती. पोरांना हातात रोटी कशी घ्यायची ते शिकवतात, तेव्हा साधी रोटी देतात. मिस्सामध्ये पवित्र न केलेली, नुसती मैद्याची पापडी. त्या पापड्या गोल कापल्यावर उरलेली कात्रणं सिस्टर पोरांना खाऊ म्हणून वाटतात. त्यात पवित्र असं काही नसतं. चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

दुपारी क्लास सुटला आणि रीना घरी आली. फाटक कोपराने ढकललं. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

"मम्मी, वाटी आण ना," ती म्हणाली. "याचं पाणी पेरूपाशीच टाकायचं का?"

मला माहीत होतं. ती नुसती मैद्याची पापडी होती, हे मला स्वच्छ माहीत होतं. "अगं वेडे, जा नळावर हात धू," एवढंच म्हणायचं होतं. आणि मी आत गेले आणि वाटी घेऊन आले.

तिने वाटीत हात धुतला. विटांपाशी जाऊन, पाय आत पडू नये म्हणून अंग चोरून, पाणी ओतलं. मग बोटं फाकवून उन्हात धरली आणि म्हणाली, "बोटाच्या मधी राहिलं असन तं?" माझाच आवाज. मी स्वतःशी पुटपुटायची तो अगदी तसाच, खाली पडत जाणारा आवाज माझ्या पोरीच्या तोंडातून आला.

जोसेफ दारात उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही. त्याने वाटी उचलली आणि भिंतीवर फेकली. "तुले जे करायचं हाय ते कर! पोरीले कायले शिकवून राहिली?" एवढं ओरडला आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. रीना आमच्या दोघांकडे बघत उभी, हात तसेच फाकलेले.

मी नरकात जाईन याची भीती मला रोजचीच होती. पण ही पोरगी माझ्यासारखी होईल, देवाचं नाव घेतलं की ही वाटी शोधायला धावेल, ही भीती त्याहून मोठी निघाली. मी जोसेफला म्हटलं, "मला कुठंतरी न्या."

कुठं न्यायचं हे मायाबाईंनी सांगितलं. ओरडा ऐकून त्या आल्याच होत्या. त्यांच्या भावजयीचा इलाज नागपूरला झाला होता. मी म्हटलं, "मी काय वेडी आहे का?" तर म्हणाल्या, "हात मोडला त डॉक्टरकडे जाते ना? मंग? डोस्क्यातलं काय कोंबड्या दुरुस्त करतीन का?"

नागपूर

सकाळच्या गाडीने गेलो. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी कोणकोण बसलं होतं ते मी पाहिलं नाही. मी पदराने तोंड झाकून घेतलं होतं, न जाणो गोंदियाचं कोणी भेटलं तर!

डॉक्टर मॅडम माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. मी त्यांना हातांचं सांगितलं, पेरूचं सांगितलं, कन्फेशनचं सांगितलं. शिव्यांचं नाही सांगितलं. त्या लिहीत होत्या. मग पेन ठेवलं आणि जोसेफला म्हणाल्या, "बाहेर चहा चांगला मिळतो, घेऊन या." तो गेला.

"देवाबद्दल नको ते शब्द मनात येतात का?"

 मी मान हलवली.

"कोणते ते सांगू नका. येतात आणि तुम्हाला ते नको असतात, बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, या खुर्चीत बसून किती लोक मला हेच सांगतात. कोणाला गणपतीपुढे येतात, कोणाला नमाजात. ज्याची सगळ्यात जास्त भीती, नेमकं तेच येतं. ज्याला देवाचं काही पडलेलं नाही त्याला येत नाहीत."

मी विचारलं, "मग हे पाप नाही?"

"पापाचं खातं माझं नाही," त्या म्हणाल्या. "आजाराचं आहे. आणि हा आजार आहे. मराठीत मंत्रचळ म्हणतात, आम्ही ओसीडी म्हणतो. याला औषध आहे."

मी असा हंबरडा फोडला की जोसेफ चहा सांडत धावत आला. त्याला वाटलं, कॅन्सर निघाला. मी रडत रडत त्याला सांगत होते, "अहो, याला नाव आहे! याला नाव आहे!" पोरी, ज्या गोष्टीला नाव असतं ती आपल्या आधी कोणाला तरी झालेली असते. मी एकटी नव्हते. इतक्या दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

हातात पू झाला होता आणि माझं जेवणही सुटलं होतं. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नाही एवढाच नियम, पण दातात अन्न अडकलं असेल या भीतीने मी आदल्या दिवसापासूनच खायची नाही, आणि कम्युनियन सोडलं तरी ही सवय सुटली नव्हती. म्हणून मॅडमनी काही दिवस भरती करून घेतलं. रीना मायाबाईंकडे राहिली.

नळावर

वॉर्डाचं रोजचं ठरलेलं. सकाळी घंटी, चहा, गोळी. गोळी गिळली की नर्स जीभ वर करून बघायची. साबण मागून घ्यावा लागे आणि काम झालं की परत द्यावा लागे. मला ते तुरुंगासारखं वाटलं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, झोप यायची, आणि फरक तर काहीच दिसेना. मी नर्सशी भांडले, जोसेफशी भांडले, येशूशी भांडले.

माझ्या शेजारच्या खाटेवर कामठीच्या शबाना आपा होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नळावर शेजारी शेजारी उभ्या. मी हात धूत होते, त्या नमाजाआधी हात-पाय धूत होत्या. मी त्या जाण्याची वाट बघत होते, म्हणजे मला मनासारखं धुता येईल. त्या माझ्या जाण्याची वाट बघत होत्या. कोणीच हलेना.

"आप हो जाइए पहले," त्या म्हणाल्या.

"नाही नाही, तुम्हीच."

"मेरा वजू पूरा ही नहीं होता, बहन. हर बार लगता है कुछ सूखा रह गया." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "आपका भी अल्लाह नाराज़ है क्या?"

"मेरा येशू," मी म्हटलं.

आधी त्यांच्या तोंडून फिस्स झालं, मग माझ्या. आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो की नर्स काय झालं बघायला आली. दोन बाया, ओले हात, नळ चालू, आणि डोळ्यांतून पाणी. किती दिवसांनी हसत होते मी! त्यानंतर आम्ही ठरवलं की नळ एकत्र बंद करायचा. मी त्यांचा ओला हात धरायची, त्या माझा. असं धरून खाटेपर्यंत यायचं आणि जी भीती येईल ती तशीच बसू द्यायची. पहिल्या वेळी दोघी रडलो. आपांचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. मी रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करते, एकदाच.

फादरांनी उत्तर देणं बंद केलं

आता खरा तिढा ऐक. डॉक्टर म्हणाल्या आजार आहे. माझं मन म्हणालं, त्यांना काय कळतं, त्या कुठं कॅथलिक? म्हणून मी जोसेफच्या मोबाइलवरून फादरांना फोन लावला. "फादर, यह पाप है क्या?" ते म्हणाले, "नहीं." झालं, जीव भांड्यात पडला. जेवणाआधी पुन्हा फोन. "फादर, मैंने ठीक से बताया था ना?" ते बिचारे पुन्हा "हाँ, हाँ". जोसेफने हे मॅडमना सांगितलं.

फादर काही कामाने नागपूरला आले होते तेव्हा मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मी समोर बसले होते. मॅडम म्हणाल्या, "फादर, तुम्ही जेव्हा जेव्हा 'पाप नाही' म्हणता ना, तेव्हा तेव्हा यांना हात धुतल्यासारखं वाटतं. थोडा वेळ बरं. मग पुन्हा हात मळतात."

 फादर हळूच म्हणाले, "मतलब इतने दिन पानी मैं ही डाल रहा था."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनंदा, अब कन्फेशन महीने में एक बार. जो याद आए, एक बार बोलना. जो छूट जाए, छूट जाए. और इस सवाल का जवाब मैं अब नहीं दूँगा."

मला असा संताप आला! एकच तर माझा आधार, तोही काढून घेतला. मी तोंडावर म्हटलं, "फादर असून तुम्ही असं बोलता?" ते म्हणाले की अशा घाबरलेल्या जिवांची ओळख चर्चला फार जुनी आहे, आणि त्यांच्यासाठी सल्लाही जुनाच आहे. एकाच धर्मगुरूचं ऐकायचं आणि आपल्या भीतीचं ऐकायचं नाही. वेदीच्या रुमालांचं धुणंही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, बरी होईपर्यंत. त्या दिवशी मला ते निर्दय वाटले. आज मी म्हणते, माझ्यावर इतकी दया कोणीच केली नव्हती.

घरी आल्यावर मॅडमनी दिलेला अभ्यास सुरू झाला. विटा काढायच्या. आधी काठावर उभं राहायचं, मग एक पाय आत. मी काठावरच अडकले. असं आठवडाभर चाललं, आणि एका दुपारी फाटकातून फादरांची मोटारसायकल आत आली. ती सरळ पेरूखाली गेली आणि त्यांनी तिथंच, बरोब्बर मुळाशी, स्टँड लावलं.

"फादर!" मी किंचाळले.

"चाय पिलाओ," ते म्हणाले आणि भिंतीशी टेकवलेली खाट ओढून, चपला घालूनच, त्याच जागी बसले. मायाबाईंच्या कोंबड्यांना तर आमंत्रणच मिळालं. मी कप घेऊन गेले. "फादर, यह पाप तो..." मी सुरू केलं. ते वर बघून म्हणाले, "अमरूद किस महीने में आते हैं?" मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मीठे हैं क्या?" कुंपणावरून मायाबाई ओरडल्या, "लय गोड हायेत, फादर! पण हे कोणाले खाऊच देत नाई!"

 वाटलं, आता मरतेच. भीती वाढली, वाढली, आणि मग थांबली. फादरांचा दुसरा चहा होईपर्यंत ती उतरायलाही लागली. वाटी नव्हती, पाणी नव्हतं, कोणी "पाप नाही" म्हटलं नव्हतं. तरी उतरली! ती आपल्या पायांनी खाली येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी जोसेफने सायकल आत आणली आणि पेरूला टेकवून ठेवली. मग शिट्टी वाजवत घरात गेला.

एकदम बरी झाले असं समजू नकोस. वाईट दिवस आले. एका उपवासकाळात तर पुन्हा वाटी काढली होती, जोसेफने ती शांतपणे हातातून घेतली. गोळ्या बराच काळ घेतल्या. पण पुढच्या ईस्टरला मी रांगेत उभी राहिले. तळहात पुढे केला. रोटी घेतली, तोंडात टाकली, आणि हाताकडे न बघता पदर खोचला. जागेवर येताना एक शिवी आलीच. आली तर आली. सगळे गात होते, मीही गायला लागले. माझा आवाज बेसूर आहे, पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की मी आणखी मोठ्याने गायले.

रीना

मॅडमनी रीनालाही पाहिलं होतं. म्हणाल्या, "पोरीला काही झालेलं नाही, ती आईची नक्कल करते. पण लहानपणीची नक्कल मुरते, तेव्हा सांभाळा. तिच्या भीतीला खतपाणी घालू नका." पहिलं कम्युनियन आम्ही एक वर्ष पुढं ढकललं. त्या वर्षात तिने पेरूखालचं अंगण लंगडी घालून उकरून काढलं. तरी मधूनच बोटं फाकवून बघायची. दिसलं की मी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

मग तो शनिवार आला. उद्या पहिलं कम्युनियन, आज पहिलं कन्फेशन. दुपारची वेळ. पोरं रांगेत एकमेकांना ढकलत होती, सिस्टर ग्रेसी डोळे वटारत होत्या. मी बाहेर भिंतीच्या सावलीत उभी. रीना आत गेली. लवकरच बाहेर आली, गुडघे टेकून प्रायश्चित्ताची प्रार्थना भराभर म्हटली आणि उड्या मारत माझ्याकडे निघाली. "सगळं सांगितलंस ना?" हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ओठ दाबले.

अर्ध्या वाटेत ती थांबली. तिचा चेहरा उतरला.

"मम्मी," ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं."

पोरी, तुला काय सांगू. त्या क्षणी माझ्या छातीत सगळं परत आलं. काय राहिलं? लहान की मोठं? फादर अजून आतच बसले होते. रांगही होती. दार समोरच होतं.

"राहिलं तर राहिलं," मी म्हटलं.

"परत जाऊ?"

"नको."

"मग देव?"

"देवाला काय तू सांगितल्यावर कळतं का? त्याला आधीच माहीत आहे."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी घाबरले आहे का ते बघत होती. मी घाबरलेच होते, पण हसले. खोटं नाही, खरंच हसू आलं, कारण तिच्या केसांत कुठूनतरी गवताची काडी अडकली होती. मी ती काढून टाकली.

"मग मी जाऊ खेळायले?"

"जा."

ती धावत सुटली. झोपाळ्याजवळ पोरी होत्या, त्यांच्यात शिरली, कोणाला तरी ढकललं, कोणीतरी तिला ढकललं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. हाक मारावी, जवळ घ्यावी, फक्त काय राहिलं तेवढं विचारून घ्यावं असं फार फार वाटलं. मी हाक मारली नाही. रीना आता कॉलेजात जाते. तिचं काय सांगायचं राहिलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.